बसलेल्या बाईचं माप

१

आईच्या खोलीतला पलंग हलवला, त्या दिवशी सूचीबाईंना लाज वाटावी इतका आनंद झाला.

दोन हमाल पलंग तिरका करून जिन्यावरून घेऊन गेले. मागे जमिनीवर चार फिकट चौकोन राहिले. बाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. अकरा वर्षं त्या याच खोलीत काम करत होत्या. आता काम करत होत्या म्हणजे काय, तर आईच्या पायथ्याशी बसून, मांडीवर फळी ठेवून, एका हाताने कार्ड लिहायचं आणि दुसऱ्या हाताने आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं करायचं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांचं स्वतःचं असं टेबल कधी नव्हतंच. लहानपणी घरातलं टेबल धाकट्या भावाच्या अभ्यासाचं होतं, मग ते जेवणाचं झालं, मग औषधांचं.

जाड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत जी यादी असते, कोणता शब्द कोणत्या पानावर, ती कोणीतरी माणूस बसून तयार करतो हे बहुतेकांच्या गावीही नसतं. बाई तो माणूस होत्या. छापखान्यात, प्रकाशकाकडे सगळे त्यांना सूचीबाई म्हणत, आणि आता तर बँकेतल्या शिपायालाही दुसरं नाव आठवत नसे.

पण आई गेल्यापासून सहा महिन्यांत त्यांच्या हातून एक पुस्तक पुरं झालं नव्हतं. घर इतकं गप्प झालं होतं की ते कानाला टोचायचं. कार्ड पुढे ओढलं की अर्ध्या शब्दावर पेन्सिल थांबायची आणि बाई ऐकत बसायच्या. काय ऐकत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन पुस्तकं त्यांनी अर्धवट परत केली. तिसरं प्रकाशकाने शेवटचं म्हणूनच दिलं होतं: वनस्पतींचा कोश, चौदाशे पानं, मुदत तीन महिने.

"ताई, स्पष्ट बोलतो, राग धरू नकोस," धाकटा म्हणाला. "हा कोश वेळेत झाला तर तू इथे राहा. मी पुन्हा तोंडातून अक्षर काढणार नाही. नाही झाला, तर हे घर सोडायचं आणि आमच्याकडे यायचं. एकटी बसून भिंतीशी बोलायला लागशील तू."

"आणि तुमच्याकडे काम कुठे करू?"

"हॉलमध्ये. ऐसपैस आहे."

"टीव्हीसमोर," भावजय म्हणाली. "शेजारी हा घोरत असेल." ती फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे खांदे, पाठी, माना दिवसभर दाबून दाबून तिची जीभही तशीच झाली होती: नेमक्या दुखऱ्या जागी पडायची. "हॉल काय देतोस रे, त्यांना नीट टेबल मिळू दे. ताई, तुमचे खांदे म्हणजे दगड झालेत. आता मापाचं टेबल करून घ्यायचं. कोपर काटकोनात, पाऊल पूर्ण टेकलेलं, उजेड डावीकडून. माझ्या ओळखीचा एक सुतार आहे. माणसाला बसवून माप घेतो, टेप लावत नाही. जुनं खोड आहे, पण हात सोन्याचा."

बाईंनी लगेच होकार दिला. इतका लगेच, की धाकट्याने चमकून बघितलं.

२

आठ दिवस त्या नुसत्या त्या खोलीसाठी जगल्या. भिंतीला त्यांनी फिकट हिरवा रंग दिला. खिडकीला जाड पडदा लावला. कार्डांसाठी लाकडी खोके आणले, एका अक्षराला एक. त्यावर चिठ्ठ्या चिकटवताना त्या चक्क गुणगुणत होत्या. खिडकीशी तेवढी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आपल्याला तिच्यात बसवून सुताराला माप घेता यावं म्हणून.

सुतार गुरुवारी यायचा होता. गुरुवार उलटला. संध्याकाळी बाईंनी फोन केला.

"काका, वाट बघून डोळे दुखले माझे. आज येणार होतात ना?"

"आज? मी कालच येऊन गेलो की."

"काल मी घरात नव्हते."

"होतात की." मागे रंधा चालल्याचा आवाज येत होता. "शेजारच्या मास्तरांनी दार उघडून दिलं. तुम्ही खिडकीशी बसला होतात, पाठ होती माझ्याकडे. मी म्हटलं, उठू नका, मला बसलेलंच माप लागतं. काठीवर खुणा केल्या आणि निघालो. तुम्ही कामात होतात, म्हणून जास्त बोललो नाही."

बुधवारी बाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत छापखान्यात कोशाची पानं जुळवत होत्या.

त्या हसल्या. कारागिराचं ठरलेलं खोटं त्यांना पाठ होतं: आलो होतो, पण कुलूप होतं. हा पठ्ठ्या मात्र नुसता येऊन गेला नव्हता, माप घेऊन गेला होता! तरी त्यांनी शेजारी जाऊन विचारलं. किल्ली मास्तरांकडे असायची.

"हो, आला होता तो. मी दार उघडलं आणि परत आलो," मास्तर म्हणाले. "आत कोण असणार? पंख्याखाली जरा बसला असेल आणि गेला असेल. हल्लीची माणसं!"

"हल्लीची कसली, सत्तरीचा आहे तो."

"मग आमच्या वेळची. ती तर आणखी वाईट."

बाईंनी पुन्हा फोन लावला. "काका, एकदा परत येऊन माप घ्या ना."

"कशाला? काठीवर आहे सगळं. माणूस खोटं बोलेल, काठी नाही बोलत."

३

टेबल आलं. दोन हमालांनी ते आडवं करून दारातून आत घेतलं आणि खिडकीशी लावलं, आणि बाईंना काही सुचेना. इतकं सुंदर लाकूड त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. खण एका बोटाने ओढला तर पाण्यावरून सरकावा तसा आला. सोबत खुर्ची होती, चांगली रुंद, जाड गादीची. सुतार स्वतः आला नव्हता.

त्या बसल्या. आणि त्यांच्या लक्षात आलं, टेबल उंच आहे.

फार नाही. चार बोटं. पण कोपर ठेवलं की खांदा कानाकडे जायचा. खुर्चीत मागे टेकून बसलं तर पावलं लोंबकळायची. बाई मुळात ठेंगण्या. हे माप कुणा लांब हातापायांच्या बाईचं होतं.

"बघ," त्यांनी भावजयीला फोनवर सांगितलं, "मेल्याने अंदाजाने केलंय. आला होता म्हणे!"

"परत पाठवा."

"छे! पायाखाली चौरंग घेईन एखादा. तू बघायला तर ये, कसं दिसतंय!"

चौरंग घेतला. दिवा लावला, खोके मांडले, पडदा अर्धा ओढला. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नव्वद कार्डं लिहिली.

नव्वद! दुसऱ्या दिवशी एकशे वीस. सकाळी नऊला बसलं की बारा कधी वाजले कळायचं नाही. फोनकडे हात जात नव्हता, डोळा लागत नव्हता, पेन्सिल अर्ध्या शब्दावर थांबत नव्हती. असं काम त्यांनी फक्त तरुणपणी केलं होतं, वाचनालयात, जिथे लांबच्या टेबलावर कोणीतरी अनोळखी माणूस मान खाली घालून बसलेलं असतं आणि त्याच्या बसण्यानेच आपल्याला बसवतं. खोली तशीच शांत होती. पण आता ती शांतता टोचत नव्हती. घोंगडीसारखी अंगावर होती.

"ही सगळी मांडणीची करामत," त्या धाकट्याला सांगायच्या. "उजेड डावीकडून. पटतं का आता?"

पाचव्या दिवशी अकरा वाजता त्या चहा करायला उठल्या. चहा झाला, दूध नासलं होतं म्हणून पुन्हा केला, कप घेऊन परत आल्या, तर खुर्चीची गादी खाली दबलेली होती. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती सावकाश वर येत होती. पीठ फुगावं तशी.

बाई दारात थांबल्या. गादी सपाट झाली, तेव्हा आत गेल्या.

जाड गादी आहे, वेळ लागतो तिला, त्या स्वतःला म्हणाल्या. पण त्या सूची करणाऱ्या बाई होत्या. तपासल्याशिवाय एक ओळ पुढे जाऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या बसल्या, उठल्या आणि मोजलं. वीस आकडे होईपर्यंत गादी जागेवर आली. तीनदा केलं. तिन्ही वेळा वीस.

चहाला तर वीस मिनिटं लागली होती.

त्यानंतर त्या रोज बघायला लागल्या. कधी गादी सपाट असायची, कधी वर येत असायची. दबलेली जागा त्यांच्या बसण्याहून लांब होती, पार पुढच्या कडेपर्यंत. ऊन लागून होत असेल. लाकूड नवं आहे, हवा धरत असेल. कारणं त्यांनी एकाखाली एक मांडली. एकही धड नव्हतं, पण काम सुरू होतं. 'क' संपलं होतं. 'ग' संपलं होतं. मुदतीच्या चक्क चार दिवस पुढे होत्या त्या!

एकदा स्वयंपाकघरातून परत येताना त्यांच्या ध्यानात आलं की खोलीच्या दाराशी आपण खाकरतो. रोज. आत कोणी असावं आणि त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून माणसं खाकरतात, तसं. आपल्याच घरात! त्यांना हसू आलं आणि कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशीही त्या खाकरल्या.

४

मुदतीला दोन आठवडे उरले असताना एका शुक्रवारी धाकटा आणि भावजय आले. बाईंनी त्यांना आधी खोलीच दाखवली, नवी सायकल दाखवावी तशी. 'व'पर्यंतचे खोके भरलेले होते.

"मानलं ताई," धाकटा म्हणाला आणि सरळ खुर्चीत जाऊन बसला. लगेच उठला. "गरम आहे की ही! तू उठलीस कधी?"

"दाराची बेल वाजली तेव्हा." मग बाईंना आठवलं, बेल वाजली तेव्हा त्या तासाभरापासून गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. "ऊन येतं इथे," त्या म्हणाल्या.

तिघांनीही खिडकीकडे पाहिलं. बाहेर सकाळपासून ढग होते.

"छान आहे," धाकटा म्हणाला. पण तो पुन्हा बसला नाही. "फक्त... सांगता येत नाही. गाडीत कोणी रुमाल टाकून ठेवलेल्या जागेवर बसल्यासारखं वाटलं."

"तुला फुकटच्या जागेवर बसायची सवय आहे ना, म्हणून," भावजय म्हणाली. तिने बाईंच्या खांद्यात अंगठा रुतवला आणि बाई कळवळल्या. "हे बघा! मी काय सांगत होते? चार बोटं उंच आहे ते. असंच चालवलंत तर कोश पुरा होईल, पण हात वर उचलणार नाही. सोमवारी सुताराला पाठवते. पाय कापून देईल, अर्ध्या तासाचं काम."

"कोश होऊ दे ना आधी," बाई म्हणाल्या.

"का?"

खांदा खरंच दुखत होता. "बरं," बाई म्हणाल्या, "येऊ दे सोमवारी." आणि कोण जाणे का, हे त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या.

शनिवार-रविवार मिळून नऊ कार्डं झाली. दर थोड्या वेळाने पेन्सिल थांबायची. खोलीतली शांतता पुन्हा टोचायला लागली होती, आई गेल्यानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यासारखी. गादी दोन्ही दिवस सपाट होती. म्हणजे सगळं ठीक होतं. बाईंना रडू यायचं बाकी होतं.

५

सोमवारी दहाला सुतार आला. वाळल्या खारकेसारखा म्हातारा, खांद्यावर पिशवी, हातात ती काठी. त्याने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत जायला त्याला फार वेळ लागला नाही.

"टेबल ज्यांच्यासाठी केलं त्या आहेत का?"

"माझ्यासाठीच केलंय."

"तुमच्यासाठी?" त्याने काठीकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे. मग मान हलवली. दुसऱ्यांच्या घरात शंभर गोष्टी असतात, आपण लाकडापुरतं बघावं, अशा समजुतीने. "बरं बरं. किती कापू?"

"चार बोटं. चहा घेणार ना?"

"साखर कमी."

तो खोलीत गेला. बाई ओट्याशी उभ्या राहिल्या, पाणी उकळायला ठेवलं. खोलीतून पिशवी ठेवल्याचा आवाज आला, हत्यारांचा खणखणाट आला. मग सुताराचा आवाज. आधी त्यांना वाटलं, तो फोनवर बोलतोय.

"नाही हो, माझी चूक नाही," तो म्हणत होता. "तुमच्या मापाला केसाचाही फरक नाही. पण त्या म्हणतायत कापा, तर कापायला हवं. घरात दोघी असल्या की असंच होतं. माझ्या घरीही हेच. एकीला उंच पाहिजे, एकीला बुटकं."

पाणी उकळत होतं. बाईंनी गॅस बंद केला.

"आता बसूनच राहा, उठायची गरज नाही," सुतार म्हणाला. "एकेक पाय उचलून कापतो."

बाईंनी दोन कपांत चहा गाळला. छातीत काहीतरी उड्या मारत होतं. शाळेचा निकाल बघायला जाताना मारायचं तसं. म्हातारा आहे, त्या म्हणाल्या, स्वतःशीच बोलतो. आई नव्हती का बोलत? कप घेऊन त्या खोलीच्या दाराशी आल्या. या वेळी खाकरल्या नाहीत.

सुतार टेबलाखाली शिरला होता. बाहेर फक्त त्याची मळकी पावलं दिसत होती. खुर्ची टेबलाशी नीट ओढलेली होती आणि तिच्यात कोणी नव्हतं. गादी पुढच्या कडेपर्यंत दबलेली होती.

"पाय जरा मागे घ्या," टेबलाखालून सुतार म्हणाला. "करवतीला जागा हवी."

आणि चौरंग, बाईंचा चौरंग, जमिनीवरून खरखरत चार बोटं मागे सरकला.

"हं. बास," सुतार म्हणाला.

करवतीचा पहिला ओरखडा उमटला. "थांबा!" बाई ओरडल्या. "काका, थांबा. नका कापू!"

सुतार रांगत बाहेर आला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि वळला. त्याने दारात उभ्या असलेल्या बाई पाहिल्या, त्यांच्या दोन्ही हातांतले कप पाहिले. खोलीला दार एकच होतं. मग त्याने खुर्ची पाहिली.

गादी वर आली नव्हती. ती दबलेलीच होती.

"त्या..." सुतार म्हणाला, आणि खाली वाकून हत्यारं गोळा करायला लागला. करवत पिशवीत घालताना तिचं पातं त्याच्या बोटाला लागलं, तरी तो थांबला नाही. बाईंच्या बाजूने अंग चोरून गेला. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली, म्हाताऱ्या माणसाच्या मानाने फार भरभर.

६

बाई परत स्वयंपाकघरात आल्या आणि कप ओट्यावर ठेवले. पाचेक मिनिटांत फोन वाजला.

"ताई, सुताराने हिला फोन केला होता," धाकटा म्हणाला. "म्हणतो, तुमच्या घरी पुन्हा येणार नाही. काय झालं? भांडलीस का?"

"नाही रे."

"कापलं टेबल?"

"नाही. बरोबर आहे ते."

धाकट्याचा आवाज बदलला, लहानपणी अंधारात ताईचा हात धरायचा तेव्हाचा झाला. "ताई, मी येऊ का? आत्ता निघतो. बॅग भर, चल आमच्याकडे. कोशाचं जाऊ दे. मी तेव्हा उगाच अट घातली."

हो म्हणायला एक अक्षर पुरत होतं. बाईंनी ते तोंडात धरून पाहिलं. अर्ध्या तासात तो आला असता. मग हॉल, टीव्ही, माणसांचे आवाज, जिवंत माणसांचे. मग परत केलेलं तिसरं पुस्तक, आणि नंतर कोणीच काही पाठवलं नसतं. मग एखाद्या दुपारी सगळे बाहेर गेले असते, आणि ती शांतता तिथेही पोचली असती. तिला पत्ता लागतोच.

दार उघडं होतं. इथून त्यांना टेबलाची एक कड दिसत होती, दिव्याचा गोल उजेड, आणि 'स'चा रिकामा खोका. दिवा त्यांनी लावला नव्हता.

भीती वाटत होती. ती नव्हती असं नाही. पण तिच्यावर मात करून दुसरंच काही वर येत होतं, आणि ते लपवायला घरात कोणी नव्हतं. शनिवार-रविवारची नऊ कार्डं त्यांना आठवली. शनिवारी, रविवारी त्या खोलीत खरोखरच कोणी नव्हतं. आणि आज परत आलं होतं.

"ताई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. श, स आणि ह राहिलेत. अकरा दिवस आहेत. होईल."

"एकटीने इतकं ओढू नकोस ग."

"ठेवते," बाई म्हणाल्या. "काम आहे."

त्यांनी दोन्ही कप उचलले आणि खोलीत गेल्या. एक कप आपल्या हाताशी ठेवला, दुसरा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे लांब हात सहज पोचेल असा. खुर्चीच्या शेजारी उभ्या राहून त्यांनी पदराने तळहात पुसले. त्यांना हसू येत होतं.

"जरा सरकून घ्या हो," त्या म्हणाल्या. "खुर्ची रुंद आहे."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग जागा झाली.